घोडं सारखं पोट धरतंय? औषध बदलण्याआधी गव्हाण किती तास रिकामी असते ते बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात घोडं पाळणारे तीन तऱ्हेचे. कुणी शर्यतीची घोडागाडी पळवतो, कुणी लग्नाच्या वराती करतो, आणि कुणी नुसत्या हौसेनं दारात एक जनावर बांधतो. तिघांकडून येणारा फोन मात्र एकाच मजकुराचा असतो. "अण्णा, परत लोळालंय बघा. मागल्या वेळी सुई दिल्यावर बरं झालं होतं." सुईनं पोटातली कळ थांबते, घोडं उठून उभं राहतं, संध्याकाळी चंदी (म्हणजे दाण्याचं खाणं) खातं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. मग डॉक्टर बदलतात, चूर्ण बदलतं, कुणीतरी नजर उतरवून जातं.

याच घोड्याकडे चांगल्या दिवशी नीट बघितलं तर आणखी काही गोष्टी दिसतात. गव्हाणीची वरची फळी कुरतडून गोल झालेली असते. घोडं फळीला दात टेकून, मान ताठ करून, घशातून आवाज काढत वारा ओढतं. ठाणावर, म्हणजे बांधायच्या जागी, या पायावरून त्या पायावर डुलत राहतं. चंदीचा डबा वाजला की पाय आपटतं, कान मागं घेतं. भरपूर खाऊनही अंग धरत नाही. मालक या सगळ्या वेगवेगळ्या तक्रारी म्हणून सांगतात, आणि पोटदुखी सोडली तर बाकीच्यांना 'खोड' म्हणून सोडून देतात. माझं मत स्पष्ट आहे: यातल्या बहुतेक घोड्यांना खोड नसते. त्यांना वैरण वेळेवर नसते आणि ठाण धड नसतं. ते कसं तपासायचं आणि काय बदलायचं, ते इथं लिहितो.

आत्ता, या क्षणी लोळत असेल तर

बाकीचं नंतर वाचा. गव्हाणीतलं सगळं खाणं काढून घ्या, पाणी राहू द्या. डॉक्टरांना फोन लावा; नेहमीचे मिळाले नाहीत तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे. घोडं शांत पडून असेल तर उठवत बसू नका. जोरानं लोळत, डोकं आपटत असेल तर उठवून सावकाश हातात धरून चालवा, तासन्‌तास दमवू नका.

तोंडातून बाटलीनं किंवा बांबूच्या नळीनं तेल, सोडा, दारू, काढा काहीही ओतू नका. घोड्याला ओकारी येत नाही, पोटात गेलेलं वर परत येत नाही. ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर पोटदुखीतून वाचलेलं घोडं न्यूमोनियानं जातं. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालून थेट पोटात देतात, ते काम त्यांचंच. दुखणं थांबवणारं इंजेक्शनही स्वतःच्या मनानं टोचू नका. कळ दबते, आतडं पिळलेलं असेल तर ते तसंच राहतं, आणि डॉक्टर येतात तेव्हा त्यांना काही कळायला मार्ग उरत नाही.

फोनवर सांगायला तीन आकडे हाताशी ठेवा. जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या शिरेवर दोन बोटं ठेवून नाडी मोजता येते. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली आणि तिथंच राहिली तर मामला गंभीर आहे, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका. श्वास मिनिटाला ८ ते १६. अंगाचं तापमान साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट. त्याशिवाय शेवटची लीद कधी पडली आणि कशी होती, हे सांगा. ही माहिती नसेल तर फोनवरचा डॉक्टर अंदाजच करणार.

अजून एक: घोडं सुटून दाण्याच्या पोत्यात तोंड घालून बसलं असेल, तर ते ठणठणीत दिसत असतानाच डॉक्टरांना बोलवा. पोटशूळ आणि त्यामागून येणारा खुरांचा दाह दिसायला काही तास लागतात. दिसायला लागल्यावर उपचाराची निम्मी संधी गेलेली असते.

आता कारण शोधूया: घड्याळ आणि कागद घ्या

पोट धरणाऱ्या घोड्याच्या मालकाला मी पहिला प्रश्न 'काय घालता' हा विचारत नाही, 'कधी घालता' हा विचारतो. आपल्याकडचा सर्वसाधारण दिवस असा असतो. पहाटे सहाला चंदी. आठला कडब्याची पेंढी, ती दहापर्यंत संपते. दिवसभर ठाणावर, नाहीतर कामावर. संध्याकाळी सहाला पुन्हा चंदी आणि पुन्हा पेंढी, नऊला गव्हाण साफ. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आठ तास, आणि रात्री नऊ ते पहाटे सहा नऊ तास. चोवीसातले सतरा तास घोड्यासमोर काही नाही.

गायीम्हशीला हे चालून जातं. ती भराभर खाते आणि मग बसून रवंथ करते, रात्रभर तिचं तोंड चालू असतं. आपण घोड्यालाही गोठ्याच्याच वेळापत्रकावर बांधतो, तिथं गडबड होते. घोड्याचं जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल रात्रंदिवस पाझरत राहतं, घोडं खात असो वा नसो. ते आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते. माळावर मोकळं सोडलेलं घोडं दिवसाचे चौदा ते अठरा तास चरतं, म्हणून त्याचं भागतं. बांधलेल्या घोड्याचं पोट चारपाच तासांत रिकामं होतं आणि आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागाला लागायला लागतं. जखमा होतात. शर्यतीच्या घोड्यांची दुर्बिणीनं तपासणी होते तिथं बहुसंख्य घोड्यांत असे व्रण सापडतात. फळी चावणं, वारा ओढणं, चंदी अर्धी टाकून निघून जाणं, खोगीर आवळताना चावायला येणं, या सगळ्यामागं हे दुखणं असू शकतं. वारा ओढणाऱ्या घोड्याच्या गळ्यात पट्टा आवळला की ते ओढणं थांबतं, पोट तसंच राहतं.

दाण्यानं हे भागत नाही, कारण दाणा चटकन संपतो. एक किलो सुकी वैरण चावायला घोड्याला सुमारे चाळीस मिनिटं लागतात. एक किलो ओट दहा मिनिटांत संपतं. लाळही त्याच हिशोबात कमी.

तेव्हा एक दिवस कागदावर फक्त दोन वेळा लिहा: गव्हाणीत वैरण पडली कधी, आणि संपली कधी. सलग रिकामा वेळ चार तासांच्या वर जात असेल तर पहिली दुरुस्ती तिथं. रात्रीचा भाग आपण झोपेत असतो म्हणून कुणी धरत नाही, आणि सगळ्यात मोठी पोकळी तीच असते.

किती वैरण? मापून

घोड्याचं वजन टेपनं काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून, छातीभोवतीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंत लांबी घ्या. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा, आणि ११,८८० नं भागा. घेर १६२ आणि लांबी १५८ असेल तर उत्तर ३४९ किलो येतं. आपल्याकडची बरीच मध्यम घोडी याच्या आसपासची असतात, म्हणून पुढचा हिशोब ३५० किलोचा करतो.

वैरणीचा कोरडा भाग वजनाच्या निदान दीड टक्का हवा, दोन टक्के असला तर उत्तम. ३५० किलोला दोन टक्के म्हणजे सात किलो. वाळलेल्या कडब्यात थोडा ओलावा असतोच, त्यामुळं प्रत्यक्षात आठ किलोच्या जवळ कडबा लागतो. 'दोन पेंढ्या घालतो की' हे माप नव्हे. पेंढी कुणाची केवढी, काही भरवसा नाही. शिवाय घोडं पानं खातं, जाड बुडखे तसेच सोडतं, आणि ते आपण खाल्ल्यातच धरतो. साधा लटकवायचा काटा आणा, घातलेलं मोजा, उरलेलं मोजा. हिरव्या गवताची तर मोठीच फसवणूक: त्यात ऐंशी टक्के पाणी असेल तर सात किलो कोरडा भाग मिळायला पस्तीस किलो गवत घालावं लागेल. एक भारा टाकला आणि झालं, असं होत नाही.

वाढवलेली वैरण एकदम समोर टाकली तर घोडं निवडून निवडून खातं, बाकीची पायाखाली तुडवतं. बारीक विणीची नायलॉन जाळी घ्या, भोक दीडदोन इंचांचं, त्यात वैरण भरून टांगा. घोडं एकेक काडी ओढत बसतं आणि तेवढीच वैरण दुप्पट वेळ पुरते. जाळी रिकामी होऊन लोंबली तरी पाय आत अडकणार नाही इतकी उंच बांधा. नाल मारलेलं घोडं जाळीत अडकलं तर पाय मोडून घेतं. कुट्टी करत असाल तर इंच-दीड इंचाची ठेवा. म्हशीसाठी करतात तसली भुगा-कुट्टी घोडं न चावता गिळतं. दिवसाच्या वैरणीतला मोठा वाटा, निम्म्यापर्यंत, रात्री झोपण्याआधीच्या जाळीत गेला पाहिजे.

आपल्या भागातली वैरण आणि तिचे सापळे

ज्वारीचा चांगला वाळलेला, पानं शाबूत असलेला कडबा ही आपल्याकडची भरवशाची वैरण. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला नकोच. कोवळ्या ज्वारीची किराळ (विषबाधा) गुराढोरांना लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोड्यात तिचा आणखी एक प्रकार दिसतो. काही आठवडे हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत चारलं की मागचे पाय लटपटतात, लघवीवरचा ताबा जातो, मांड्या ओल्याचिंब राहतात. ते बहुतेक वेळा भरून येत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी-रायबाग-कागवाडकडं उसाचे वाढे जवळजवळ फुकट मिळतात. बारा महिने दुधाच्या जनावरांसाठी लावलेलं संकरित नेपियर म्हणजे हत्ती गवतही बांधावर असतंच. दोन्हींत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला पकडून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. त्यावर सवयीनं गव्हाचा कोंडा घातला, तर दुसरी चूक: कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट. दोन्ही मिळून महिनोन्‌महिने चाललं की शरीर हाडातलं कॅल्शियम काढून वापरतं. घोडं आज या पायानं, उद्या त्या पायानं लंगडतं. नालबंद बदलून होतो, तेल चोळून होतं, आणि मग कधीतरी लक्षात येतं की नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगून तोंड रुंद दिसायला लागलंय. इतकं होईपर्यंत थांबू नका. वाढे आणि नेपियर थोडे, तोंडी लावण्यापुरते. कोंडा रोजच्या चंदीतून बाद. आणि रोज दीडदोन किलो वाळवलेला लसूणघास. त्यात कॅल्शियम भरपूर असतं, आणि जठरातलं आम्ल सौम्य करण्याचं कामही तो करतो. चुनखडीची पूड किती घालायची ते डॉक्टरांना विचारून घाला. तंबाखूच्या डबीतला चुना तो नव्हे, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

खानापूर, जांबोटीकडं भाताचं पिंजर हीच मुख्य वैरण. नुसत्या पिंजरावर घोडं ठेवू नका. त्यात कस कमी, चोथा जास्त; पाणी कमी प्यालं की मोठ्या आतड्यात त्याचा बोळा बसतो. अंथरायला पिंजर चांगलं. खायला कडबा किंवा चांगलं वाळलेलं डोंगरी गवत बाहेरून आणावं लागलं तरी आणा.

बुरशी या विषयावर मी कुणाशी तडजोड करत नाही. काळपट डाग पडलेली, कुबट वासाची वैरण म्हैस खाऊन पचवते, घोडं पचवत नाही. मक्याची बुरशी तर जीवघेणी. पावसात भिजलेल्या मक्यावर येणाऱ्या एका बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूचा भाग अक्षरशः विरघळवतं: घोडं खाणं सोडतं, दिसेनासं होतं, गोल फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, आणि एकदोन दिवसांत संपतं. उपाय नाही. बाजार समितीच्या आवारात स्वस्तात मिळणारा 'जनावरांचा मका' आपल्याकडं सरसकट घेतला जातो. घोड्यासाठी तो घेऊ नका. तसंच कोंबड्यांचं खाद्य. त्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनसारखं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते उपयोगी, घोड्याच्या हृदयाला विष. दुधाळ जनावरांच्या काही पेंडींतही मोनेन्सिन असतं, त्यामुळं पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय गोठ्यातली पेंड पागेत नेऊ नका.

चंदी आणि 'खुराक'

शर्यत जवळ आली की हरभरा, मका, अंडी, दूध, तूप, बदाम, गूळ असा खुराक सुरू होतो. मालक स्वतः खाणार नाही इतकं घोड्याला घालतो, आणि हौसेला मोल नसतं हे मान्य. पण घोड्याचं लहान आतडं एका वेळी ठराविकच पिष्ट पचवतं. उरलेलं मोठ्या आतड्यात उतरून आंबतं, तिथले चांगले जिवाणू मरतात, वायू धरतो, आणि त्यांच्यातून सुटलेली विषं थेट खुरांपर्यंत जातात. मग घोडं पुढचे पाय ताणून, भार मागं टाकून उभं राहतं. खुराला हात लावला तर गरम लागतं. एका वेळची चंदी ३५० किलोच्या घोड्याला दीड किलोच्या पुढं जाऊ नये. मी एक किलोवरच थांबवतो. जास्त लागत असेल तर तीन वेळा द्या, डबा मोठा करू नका. मका आणि हरभरा भरडून, भिजवून. हुलगे असतील तर शिजवूनच. ओट मिळत असेल तर तिघांपेक्षा तो पोटाला सोपा. मोठ्या घोड्याला दूध पचवता येत नाही, ते वासरासाठी आणि आपल्या चहासाठी राहू द्या.

दोन जागी हमखास चूक होते. एक, सुट्टीचा दिवस. रोज पळणारं घोडं एखादा दिवस बांधून राहिलं, चंदी पूर्ण चालू राहिली, आणि दुसऱ्या दिवशी जुंपलं की मागचा भाग आखडतो, घाम फुटतो, लघवी काळसर होते, पाऊल उचलत नाही. हे पोट नाही, स्नायू आहेत. पण लोक पोट समजून चालवत नेतात आणि स्नायूंचा आणखी नाश होतो. जिथं आहे तिथंच उभं करा आणि डॉक्टर बोलवा. बांधून ठेवायच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी, वैरण पूर्ण. वरातीच्या घोड्यांचंही तेच. आषाढ ते तुळशीचं लग्न घोडं ठाणावर असतं आणि चंदी मात्र लग्नसराईची. बसून असलेल्या घोड्याला चांगल्या वैरणीवर मीठ-पाणी मिळालं तर चंदीची गरज नसल्यात जमा.

दुसरी चूक वरातीनंतरची. रात्री बाराला बँडबाजातून घोडं परत आलं, दुपारपासून काही खाल्लेलं नाही, म्हणून दया येऊन डबा भरून हरभरा पुढं केला. आधी पाणी, मग कडबा. चंदी तासाभरानं, आणि तीही नेहमीपेक्षा कमी. वरातीला किंवा शर्यतीला नेण्याआधी अर्धा तास मूठमूठ लसूणघास किंवा कडबा चारून न्या. रिकाम्या पोटी पळवलं की आम्ल उसळून वर लागतं. पोटात वैरणीचा थर असला की ते होत नाही.

कुठलाही बदल, वैरणीचा असो वा चंदीचा, दहा ते चौदा दिवसांत हळूहळू करा. हे वाचून उद्या सकाळपासून सगळं बदलाल तर पुढची पोटदुखी माझ्या नावावर लागेल.

पाणी आणि मीठ: दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. 'दोन वेळा दाखवतो' यानं भागत नाही, पाणी कायम समोर हवं. दोन बादल्या ठेवल्या आणि संध्याकाळी मोजल्या की किती प्यालं ते कळतं. पाणी कमी झालं की एकदोन दिवसांत लीद सुकते, आणि त्याच्या मागून पोट धरतं; हा क्रम बहुतेक वेळा ठरलेला. मीठ रोज ३० ते ३५ ग्रॅम, घाम गाळल्यावर दुप्पट.

ठाण

खाणं दुरुस्त करूनही डुलणं, चावणं, खोकणं राहतं, तेव्हा ठाणावर जाऊन उभं राहा. किंबहुना उकिडवं बसा. घोडं झोपतं तेव्हा त्याचं नाक जमिनीपासून वीतभर असतं. तुमचं नाक त्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर घोडं रोज रात्रभर तेच ओढतंय. लघवीतून सुटणारा अमोनिया श्वासनलिका जाळतो, आणि वर धुळकट कडबा झटकला की खोकला लागतो. पळताना दम लागणारं, नाकपुड्या फुगवणारं घोडं 'दमेकरी' म्हणून विकलं जातं. बऱ्याचदा दमा त्याच्या शेडमध्येच असतो. कडबा घालण्याआधी पाणी शिंपडा किंवा बुडवून काढा. ओलं रोज उचला, आठवड्याला नाही. डासांसाठी शेडच्या आत कडुलिंबाचा धूर करण्याची पद्धत सोडा. धूर करायचाच तर बाहेर, वाऱ्याच्या दिशेला. साखर कारखान्याची भुसकट (उसाचा वाळलेला चोथा) अंथरत असाल तर ती कोरडी आणि ताजी हवी. ढिगात सडलेली बुरशीची पूड असते, ती माणसाच्याही छातीला वाईट.

खानापूरकडं झड लागली की शेड ताडपत्रीनं चारी बाजूंनी बंद होतं. पावसाच्या बाजूला ताडपत्री लावा, समोरची बाजू आणि पत्र्याखालची फट उघडी ठेवा. घोड्याला गारवा सोसतो, कोंडलेली दमट हवा सोसत नाही. ओल्या ठाणावर खुराच्या तळव्यातली मऊ गादी सडते, घाण वास येतो, काळं पाणी सुटतं. रोज बोथट आकड्यानं खूर साफ केले तर हे पहिल्या दिवसातच लक्षात येतं. अथणीकडं उलट. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापून आत भट्टी होते. पत्र्याला पांढरा चुना मारा, उंची वाढवता आली तर वाढवा.

अगाडी-पिछाडीचं, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांनाही दोरीनं बांधण्याचं काय? जुनी पद्धत आहे, छावणीसाठी ठीक होती. बारा महिने अगाडी-पिछाडीत ठेवलेल्या घोड्याच्या पुढच्या पायांचे मुठे (खुराच्या वरचे सांधे) बघा. तिथं समोरच्या बाजूला केस गेलेले, जुनी खरचटलेली कातडी दिसली तर एक शक्यता अशी असते: घोडं नीट आडवं होऊ शकत नाही, उभ्या-उभ्या डुलकी घेतं, आणि गाढ झोप लागताच गुडघ्यांवर कोसळतं. उभं राहून घोडं विश्रांती घेतं, पण गाढ झोपेसाठी रोज थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. घोडा घेताना अंगावरच्या केसांचे भोवरे मोजणारे आणि पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला) शोधणारे पुष्कळ भेटतात. मुठे बघणारा क्वचित भेटतो. मोकळं सोडायला मोठ्या घोड्याला बारा बाय बारा फुटांची खोली चांगली, लहान चणीच्याला दहा बाय दहा चालते. तेवढं बांधकाम शक्य नसेल तर निदान मागची दोरी सोडा आणि डोकं जमिनीला टेकेल इतकी पुढची दोरी लांब ठेवा.

आणि बाहेर काढा. अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून माउलींचे अश्व दरवर्षी आळंदीपर्यंत पायी जातात. चालणं ही घोड्याला शिक्षा नाही, आतडी हलती राहण्यासाठी ती गरज आहे. काम नसलेल्या दिवशी तासभर हातात धरून फिरवा, किंवा कुंपण घातलेल्या रिकाम्या वावरात सोडा. शेजारी दुसरं घोडं दिसेल, नाक लावता येईल, असं बांधा. दुसरं घोडं परवडत नसेल तर शेळी, गाढव, काहीही चालेल. एकट्या जनावराचं डुलणं बऱ्याचदा सोबत मिळाल्यावर कमी होतं. जुनं झालेलं डुलणं आणि वारा ओढणं मात्र सगळं सुधारल्यावरही थोडं राहतंच. त्यासाठी घोड्याला मारू नका.

लीद वाचायला शिका

लिदीचे गोळे पडताना घट्ट आणि पडल्यावर सहज फुटणारे हवेत. बारीक, चकाकणारे, कोरडे गोळे म्हणजे पाणी कमी. शेणासारखी पातळ आणि आंबूस वासाची म्हणजे चंदी जास्त. अख्खे हरभरे, बोटभर लांब काड्या दिसल्या तर दात बघून घ्या. गव्हाणीजवळ चावून टाकलेले वैरणीचे ओले बोळे पडलेले असतील तर नक्कीच. दाढांच्या कडा धारदार होऊन गाल कापले जातात. त्या घासून घेणं हे डॉक्टरांचं काम आहे, लोहाराच्या कानशीचं नाही.

माती-मुरुमाच्या ठाणावर, जमिनीवरच वैरण टाकत असाल तर आणखी एक तपासणी. सकाळची ताजी लीद, वरच्या बाजूची, जमिनीला न लागलेली, चारपाच गोळे घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी घालून कालवा, पिशवी एका कोपऱ्यावर टांगा आणि अर्धा तास विसरा. कोपऱ्यात वाळू बसली असेल, बोटांत चोळल्यावर खरखरली, तर आतड्यातही वाळू मुक्काम करून असण्याची शक्यता आहे. ठाणावर रबराची चटई किंवा जुन्या टायरचं टोपलं ठेवून त्यात वैरण घाला, आणि साठलेली वाळू काढायला इसबगोलाचं प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. काही दिवसांनी पिशवी पुन्हा टांगा. वाळू दिसली नाही तरी पोटात नाहीच असं नव्हे. त्यामुळं एका तपासणीवर निकाल देऊ नका.

हे सगळं महिनाभर नीट चालवूनही घोडं पोट धरत असेल, तर कारण गव्हाणीत नाही. जंत असू शकतात. दर तीन महिन्यांनी ठोक औषध पाजण्याऐवजी ताजी लीद डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अंडी तपासायला द्या, आणि औषध वजनाप्रमाणे घ्या. आतड्यात खडा, गाठ, जठरातला जुना व्रण, यांसाठी दुर्बीण किंवा सोनोग्राफी लागते आणि ती मोठ्या ठिकाणीच होते. तिथं जाताना वेळांचा तो कागद, वैरणीचं आणि चंदीचं वजन, आणि आतापर्यंत कुठली इंजेक्शनं कधी दिली त्याच्या चिठ्ठ्या बरोबर न्या. रिकाम्या बाटल्या असतील तर त्याही.